पट्टा पोटाला, तळाचं काय?

बाळंतिणीचं पोट आवळून बांधतात, डिंकाचे लाडू देतात. पण शिंकताना लघवी गळाली तर ‘बाळंतपणानंतर असं व्हायचंच’ म्हणून विषय मिटवतात. होतं खरं, साधारण तिघींतल्या एकीला. म्हणून सोसायलाच हवं असं नाही. मूत्राशय-गर्भाशय पेलणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पट्ट्याने नव्हे, आकुंचनाने बळकट होतात, हे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्येच मांडलं. आधी त्रास नसलेल्या गर्भवतींनी हा व्यायाम केल्यास शेवटच्या महिन्यांत गळतीचा धोका ६२ टक्क्यांनी घटतो, असं वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावा सांगतो. ‘माझं तर सिझर झालंय’ हा आक्षेप अर्धाच खरा. नऊ महिन्यांचा भार याच स्नायूंनी वाहिलेला असतो. व्यायाम असा: वारा अडवताना खेचतो तसं आत-वर खेचायचं, श्वास न रोखता, मांड्या सैल ठेवून; आणि मग पुरतं सोडायचंही.