प्री-अ‍ॅम्प्लिफायर : बदलावा की दुरुस्त करावा?

घरी स्वतंत्र प्री-अ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर बाळगणारे शौकीन थोडेच. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात शिरताना त्यांना एक प्रश्न हमखास पडतो. जुना प्री-अ‍ॅम्प्लिफायर काढून वरच्या दर्जाचा घ्यावा काय? प्रश्न हजारो रुपयांचा असतो आणि सल्ला बहुधा माल विकणाऱ्यालाच विचारला जातो. म्हणून आम्ही या व्यवहाराचा विचार गिऱ्हाईक आणि दुकानदार अशा दोन्ही बाजूंनी करीत आहोत.

प्री-अ‍ॅम्प्लिफायरची कामे तीन. सीडी, रेकॉर्ड, रेडिओ यांपैकी एकाची निवड करणे, आवाज कमी-जास्त करणे आणि क्षीण सिग्नल वाढविणे. सीडी प्लेअरचा सिग्नल सुमारे २ व्होल्टचा असतो आणि बऱ्याच पॉवर अ‍ॅम्प्लिफायरना १ ते २ व्होल्ट पुरतात. म्हणजे फक्त सीडी ऐकणाऱ्याकडे तिसरे काम जवळजवळ उरतच नाही. रेकॉर्डचे तसे नाही. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा सिग्नल ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो, मूव्हिंग कॉइलचा तर बहुधा त्याहून कितीतरी कमी. कारी अब्दुल बासित यांच्या किराअतीची जुनी रेकॉर्ड ऐकणाऱ्याला म्हणूनच फोनो विभाग चांगला लागतो. पण तेवढ्यासाठी सगळा प्री-अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याची गरज नाही, वेगळा फोनो अ‍ॅम्प्लिफायर जोडूनही भागते.

खरेदीपूर्वी दोष नेमका कुठे आहे ते पाहावे. समजा, एका बाजूचा आवाज दबलेला आहे. सर्व यंत्रे बंद करून प्री-अ‍ॅम्प्लिफायरमधून पॉवर अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करावी. दोष त्याच स्पीकरवर राहिला, तर प्री-अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे. दोष दुसऱ्या बाजूला गेला, तर तो प्री-अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, प्लेअरमध्ये किंवा वायरीत आहे. मग प्लेअरकडून येणाऱ्या वायरींची तशीच अदलाबदल केली की उरलेला उलगडा होतो.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर बहुधा कंट्रोलमध्ये धूळ बसलेली असते, ती साफ करता येते. जुन्या यंत्रातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार निकामी होतात, तेही बदलता येतात. आणि आवाज घुमत असेल, तर आधी स्पीकरची जागा, सतरंजी आणि पडदे यांकडे पाहावे. खोलीचा दोष नव्या यंत्राने जात नाही.

एवढे करूनही नवे यंत्र घ्यावेसे वाटले, तर शरीअतने दिलेली सवलत वापरावी. ‘खियारे शर्त’ म्हणजे माल ठेवायचा की परत करायचा हे ठरविण्यासाठी आधीच मागून घेतलेली मुदत. इमाम अबू हनीफा आणि इमाम शाफई या दोघांच्याही मते ती तीन दिवसांपर्यंत असू शकते. हे तीन दिवस यंत्र घरी, आपल्याच स्पीकरवर ऐकावे. जुन्या आणि नव्या यंत्राचा आवाज सारख्याच पातळीवर ठेवावा. किंचित मोठा आवाज कानाला उगीचच सरस वाटतो आणि दुकानात नेमकी इथेच फसगत होते.

पैसे हप्त्याने देणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. ‘नो कॉस्ट’ म्हणविणाऱ्या योजनांतही पुष्कळदा व्याज आकारलेलेच असते, सूट देऊन ते झाकले जाते. चैनीच्या वस्तूसाठी व्याजात पाय अडकविण्यापेक्षा रक्कम साठेपर्यंत थांबलेले बरे. गरज नसता केलेला खर्च इस्राफमध्ये मोडतो, हेही विसरू नये.

आता दुकानदार बंधूंसाठी दोन शब्द. ओले धान्य ढिगात खाली आणि कोरडे वर ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खडसावल्याची हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. साफसफाईने भागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवे यंत्र मारणे आम्हाला याहून वेगळे वाटत नाही. त्याला दोष सांगावा, दुरुस्तीची वाजवी मजुरी घ्यावी. आजची एक विक्री जाईल, पण ते गिऱ्हाईक पुढची खरेदी विचारायला आपल्याच दुकानात येईल आणि येताना आणखी चौघांना घेऊन येईल.