बाँबफेकी विमानाची ढाल

दूर पल्ल्याच्या बाँबफेकी विमानाची रचना म्हणजे वजनाचा जमाखर्च होय. पेट्रोल वाढविले तर बाँब कमी न्यावे लागतात; संरक्षणासाठी मशीनगनी वाढविल्या तर दोहोंनाही कात्री लागते. शत्रूपासून बचाव कसा करावयाचा, या प्रश्नाच्या उत्तरानेच या विमानांचे रूप वेळोवेळी बदलले आहे.

१९३५ साली अमेरिकेत प्रथम उडालेले बी-१७ हे विमान ‘उडता किल्ला’ म्हणून ओळखले जाई. किल्ल्यास बुरूज, तशा यास चोहोंकडे मशीनगनी. दाट फळी धरून उडणारी ही विमाने परस्परांचे रक्षण करतील, अशी अपेक्षा होती. परंतु १४ ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मनीतील श्वाइनफुर्टच्या कारखान्यांवर धाडलेल्या २९१ विमानांपैकी ६० परतली नाहीत. आणि प्रत्येकात दहा माणसे होती. लढाऊ विमानांच्या सोबतीवाचून हा किल्ला अपुरा ठरला.

१९४२ साली उडालेल्या बी-२९ ने उंचीचा आश्रय घेतला. तीस हजार फुटांवर हवा इतकी विरळ की श्वास कोंडावा. म्हणून माणसे बसण्याचे भाग हवाबंद करून आत दाब राखला. बाँबच्या कोठारांवरून सरपटत जाण्यापुरता बोगदा ठेवला. मशीनगनी आत बसूनच चालविण्याची योजना केली. १९४४ साली बंगालमधील खरगपूरहूनही ही विमाने उडत. तथापि जपानवरील उंच हवेतील प्रचंड वाऱ्यामुळे नेम साधेना. तेव्हा ९-१० मार्च १९४५ च्या रात्री बहुतेक मशीनगनी उतरवून, वाचलेल्या वजनात अधिक बाँब भरून, हीच विमाने पाच ते नऊ हजार फुटांवरून टोकियोवर आली. ज्या उंचीसाठी एवढा खटाटोप केला, तीच सोडून द्यावी लागली. त्या आगीत सुमारे एक लाख माणसे मृत्युमुखी पडली.

पुढे जेट इंजिने आली. १९५२ च्या बी-५२ ने वेग आणि उंची दोन्ही साधली. पण १ मे १९६० रोजी रशियाने अत्युच्च उडणारे यू-२ हे अमेरिकन हेरविमान क्षेपणास्त्राने पाडले आणि उंचीचाही भरवसा संपला. अखेर १९८९ साली उडालेल्या बी-२ या शेपटीविरहित विमानाने लपण्याचा मार्ग धरला. त्याचा आकार व त्यावरील लेप यांमुळे रडारच्या लहरी शत्रूकडे फारच क्षीण परततात.

बंदूक, उंची, वेग आणि लपणे, या साऱ्या ढाली विमानातील माणसांसाठी होत्या. खालच्या नगरवासीयांसाठी मात्र यांपैकी कोणत्याही आराखड्यात ढाल नव्हती.