मुरूडहून निसेकोच्या बर्फात

"मामू, एकदा बर्फ बघायला या," असे माझा भाचा तीन वर्षे म्हणत होता. तो योकोहामात नोकरी करतो. आमच्या मुरूड-श्रीवर्धनकडच्या घरांना जपान तसा अगदीच परका नाही. आगबोटीवर नोकरी केलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी योकोहामा, कोबे ही नावे असायची. कोबेची मशीद 1935 सालची, जपानमधली पहिली, आणि तिच्या उभारणीत हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचा मोठा हात होता. पण आमचे लोक बंदर बघून परतले. डोंगरावर कोणी चढले नाही. गेल्या जानेवारीत मी आणि आपा, म्हणजे त्याची आई, निघालो.

निसेको होक्काइदो बेटावर आहे. साप्पोरोजवळच्या विमानतळावरून बसने दोन-तीन तास लागतात. डोंगराचे नाव अन्नुपुरी, उंची 1,308 मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी कमीच. तरी तिथे एका मोसमात 14 ते 15 मीटर बर्फ पडतो. याचे कारण कोकणातल्या माणसाला समजायला सोपे आहे. आपल्याकडे नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून ओल घेऊन येतो, सह्याद्रीला धडकून वर चढतो आणि पाऊस टाकतो. तिथे सायबेरियातला कोरडा, गार वारा जपानच्या समुद्रावरून येतो. समुद्र त्याच्यापेक्षा उबदार असतो, त्यामुळे वारा ओल उचलतो, डोंगराला लागून वर जातो आणि बर्फ टाकतो. तो बर्फ इतका कोरडा, की मुठीत दाबला तर गोळा होत नाही. तांदळाच्या पिठासारखा बोटांतून गळतो. आपा खिडकीत उभी राहून म्हणाली, "आषाढाची झोड आहे रे, पण पागोळ्यांचा आवाज नाही." मला ते फार पटले.

या पिठासारख्या बर्फासाठीच जगभरचे लोक तिथे येतात. स्कीमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या असतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला बांधतात आणि आडवे उभे राहून घसरत उतरतात. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तो जपानमध्येच, 1998 साली नागानोला. भाच्याच्या आग्रहाने मीही लहान मुलांच्या उतारावर एक धडा घेतला. तासाभरात किती वेळा पडलो ते मोजायचे सोडून दिले. पडताना हात टेकायचा नाही, हे शिक्षकाने आधीच बजावले होते; नवशिक्यांची मनगटे तशीच मोडतात. मुठी मिटून, हात छातीशी घेऊन पडायचे. माझ्या वयाच्या वाचकांनी हा धडा नाही घेतला तरी चालेल.

कुटुंबासह जाणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. जानेवारीत तिथे सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जुहर, असर आणि मगरिब एकामागोमाग येतात. दुपारनंतर डोंगरावर रेंगाळलात तर नमाज चुकते. जेवणात सोया सॉस आणि 'मिरिन' यांची चौकशी करा. मिरिन ही तांदळाची गोड दारूच आहे, आणि ती न दिसता रश्शात असते. रामेनचे पाणी बहुधा डुकराच्या हाडांचे. आम्ही भात, भाजलेली मासळी आणि आपाने बांधून आणलेले आंब्याचे लोणचे यांवर सुखाने राहिलो. मांसाचा कोणताही पदार्थ मात्र सोबत नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. गरम पाण्याच्या झऱ्यांची सार्वजनिक स्नानगृहे म्हणजे उघड्या अंगाने एकत्र आंघोळ, ती आपल्याला जमणारी नाही. पण काही मुक्कामांत एका कुटुंबापुरते न्हाणीघर तासाच्या भाड्याने मिळते. तेवढे सुख आम्ही घेतले.

तिसऱ्या दिवशी खरा प्रसंग घडला. रात्रभर बर्फ पडून सकाळी उघडीप झाली होती. मार्गाच्या कडेला एक दोरी बांधलेली होती आणि पलीकडे कोणाचेही पाऊल न उमटलेला पांढरा उतार, झाडांमधून खाली गेलेला. भाचा म्हणाला, "मामू, पाच मिनिटांत जाऊन येतो, दोरीखालून वाकले की झाले."

निसेकोत हद्दीबाहेर जाण्यासाठी ठरावीक दरवाजे आहेत. स्थानिक जाणकार रोज सकाळी बर्फ तपासतात, त्यावरून दरवाजे उघडायचे की नाही ते ठरते. दोरी ओलांडली तर लिफ्टचा पास काढून घेतात. हे नियम हौसेने केलेले नाहीत. हिमस्खलनात माणसे गेली, त्यानंतर ते झाले. झाडांचा धोका वेगळाच. खाली फांद्या आलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती सैल बर्फाने भरलेला खड्डा असतो. माणूस त्यात डोक्यावर पडला की भोवतालचा बर्फ कोसळून नाकातोंडात जातो, आणि स्वतःहून बाहेर येणे जवळजवळ अशक्य होते. बाहेरून काहीच दिसत नाही.

मी त्याला हे काही सांगितले नाही, मला तेव्हा माहीतही नव्हते. मी एवढेच म्हटले, "1 फेब्रुवारी 2016 आठवतो का?" त्या दिवशी आमच्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. पाणी वरून शांत दिसते. त्याची ओढ कुठे आहे ते किनाऱ्यावरच्या माणसाला माहीत असते, पाहुण्याला नसते. भाचा तेव्हा बारावीत होता. तो गप्प राहिला, मग दोरीपासून बाजूला झाला. रागावला होता, हे खरे.

संध्याकाळी त्याने एका वाटाड्याची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी वरचा दरवाजा उघडला. वाटाड्याने त्याच्या अंगावर बर्फाखाली माणूस शोधणारे यंत्र बांधले, पाठीवर फावडे आणि लांब काठी दिली, गळ्यात शिट्टी अडकवली, आणि सोबत्याला क्षणभरही नजरेआड करायचे नाही, असे तीनदा सांगितले. आपा खालच्या उपाहारगृहात तसबीह घेऊन बसली. मी चहा मागवला, तो गार झाला.

तो असरच्या आधी परत आला. भुवयांवर बर्फ, गाल लाल, तोंडातून शब्द फुटेना. "अम्मी, कमरेपर्यंत बुडत होतो, आणि काही लागत नव्हते," एवढेच म्हणाला. आपाने त्याच्या टोपीवरचा बर्फ झटकला आणि विचारले, "मोजे ओले झाले का?"