जुनी जीप, जुनी बोलेरो : आधी डिझेलची वाट तपासा

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचे पैसे हातात येतात आणि घरात एक विषय हमखास निघतो. आपणही एखादी गाडी घ्यावी का? विषय काही चैनीचा नसतो. रात्री-बेरात्री आजारी माणसाला अकोल्याला न्यायचे असते, सोयरिकीला जायचे असते, रामनवमीला सारे घर पोहरादेवीला न्यायचे असते. नवी गाडी आवाक्यात नसते, म्हणून नजर जुन्या गाडीकडे वळते. जुनी बोलेरो, सुमो, मार्शल, नाहीतर कमांडर जीप. चार जाणती माणसे जाऊन गाडी पाहतात. टायर दाबून बघतात, रंग बघतात, गाद्या बघतात, बॉनेट उघडून इंजिनाकडे थोडा वेळ गंभीरपणे पाहतात आणि सौदा ठरतो. टाकीचे झाकण मात्र कोणी उघडून पाहत नाही.

आमच्या नात्यातल्या एका घरी अशीच जुनी जीप आली. पहिले दोन महिने बरी चालली. मग एक खोड सुरू झाली. मंगरूळपीरहून कारंज्याकडे निघाली की दहा-बारा किलोमीटरवर पिकअप तुटायचा, गाडी गचके द्यायची आणि बंद पडायची. अर्धा तास थांबले की पुन्हा चालू. एका वर्कशॉपमध्ये दाखवली. "पंप गेला भाऊ, खोलाच लागते," असा निकाल मिळाला. पंप उतरवला, दुरुस्तीला गेला, आठ दिवसांनी आला, बसवला. सोयाबीनची कितीतरी पोती त्यात गेली. पुढच्या खेपेला गाडी त्याच जागी बंद. शेवटी एस. टी.तून निवृत्त झालेल्या एका जुन्या ड्रायव्हरने गाडी बंद पडलेली असताना टाकीचे झाकण फिरवले. फुस्स करून आवाज झाला आणि जीप पहिल्या सेल्फला सुरू झाली. झाकणाच्या बारीक छिद्रात काळ्या मातीचा चिखल बसून ते बुजले होते, एवढाच काय तो आजार.

त्याचे असे असते. टाकीतले डिझेल जसे कमी होते, तशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. छिद्र बुजले की हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपते, म्हणून गाडी पुन्हा चालते. सुईने छिद्र मोकळे केले की काम झाले. मात्र पंपाचे पैसे परत आले नाहीत. म्हणूनच वाचकहो, हा लेख लिहावासा वाटला. जुन्या डिझेल गाडीचा दोष शोधताना टाकीकडून पंपाकडे जावे, पंपाकडून टाकीकडे येऊ नये. टाकीकडचे दोष पाना-पेचकसाने आणि थोड्या पैशांत निघतात. पंपाकडचे दोष महाग असतात, आणि मानाने कमी वेळा होतात.

डिझेलची वाट समजायला अवघड नाही. टाकीतून नळीने फीड पंप डिझेल ओढतो, ते फिल्टरमधून गाळून मुख्य पंपाकडे जाते. मुख्य पंप मोठ्या दाबाने ते एकेका नोझलला पाठवतो. नोझल त्याचे धुके करून इंजिनात फवारतो आणि उरलेले डिझेल परतीच्या नळीने मागे येते. आपल्याकडचे मिस्त्री या मुख्य पंपाला अजूनही 'मायकोचा पंप' म्हणतात. मायको ही १९५१ साली सुरू झालेली कंपनी. २००८ साली तिचे नाव बॉश झाले, पण नाव बदलले तरी मिस्त्र्यांच्या तोंडून मायको गेले नाही. तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल तयार होतात आणि बोलेरो गाडीही नाशिकचीच, २००० साली बाजारात आलेली.

पाणी आणि कचरा

या वाटेवरचा सर्वांत मोठा शत्रू पाणी. डिझेलात पाणी कोठून येते, असे आपल्याला वाटेल. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा असते. कार्तिक-मार्गशीर्षात दिवसा ऊन आणि रात्री गारठा, त्यामुळे त्या हवेतली वाफ टाकीच्या पत्र्यावर दवासारखी जमते आणि थेंब खाली उतरतात. पाणी डिझेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. पत्र्याच्या टाकीला गंज चढतो तो तेथूनच. गाडी रोज चालत नसेल तर मुक्कामाला टाकी भरलेली ठेवावी, रिकामी नको.

दुसरे पाणी आपण स्वतः घालतो. ट्रॅक्टरसाठी आणलेले डिझेल कॅनमध्ये, ड्रममध्ये कोठ्यात पडून असते. पावसाळ्यात झाकण सैल राहते. मग घाईच्या वेळी तेच डिझेल गाडीत ओततो, आणि गाळायला घेतो जुन्या धोतराचे फडके. फडक्यातले सुताचे तंतू टाकीत जातात आणि आतल्या ओढनळीच्या तोंडावरच्या जाळीला गुंडाळून बसतात. कॅनमधलेच डिझेल घालायची वेळ आली तर कॅन रात्रभर हलवू नये, वरचे वर अलगद ओतावे आणि तळाचे चार बोटे डिझेल राहू द्यावे. गाळायला बारीक तारेच्या जाळीचे नरसाळे वापरावे.

इथेच घरातल्या बायाबापड्यांसाठी दोन शब्द. नळीला तोंड लावून डिझेल ओढण्याची सवय अनेक घरांत आहे. ती आजच सोडा. डिझेल पोटात गेले तर त्रास होतोच, पण ठसका लागून ते छातीत उतरले तर फुप्फुसे सुजतात, माणूस दगावूही शकतो. डिझेल कधीही पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. लहान मुलाने चुकून प्यायले तर उलटी करवू नका, तसेच तडक दवाखान्यात न्या. उलटीबरोबर ते छातीत जाण्याचा धोका अधिक असतो.

पाणी आहे की नाही, हे पाहणे सोपे. गाडी रात्रभर उभी असू द्या. सकाळी सुरू करण्याआधी फिल्टरच्या बुडाचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून काचेच्या स्वच्छ ग्लासात थोडे डिझेल घ्या. ग्लास दहा मिनिटे ठेवून द्या. खाली वेगळा थर दिसला किंवा लालसर गाळ बसला तर टाकी उतरवून धुवायला हवी. नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, नवा फिल्टरही महिन्याभरात तुंबेल.

जुन्या गाड्यांवर पुष्कळदा दोन फिल्टर असतात. पहिला कापडी, दुसरा कागदी. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे फिल्टर पुस्तकात दिलेल्या मुदतीच्या आधीच बदलावेत. कागदी फिल्टर रॉकेलात धुऊन पुन्हा बसवणारे लोक आहेत. तसे करू नये. कागद फाटला की कचरा सरळ पंपात जातो, आणि पंपाच्या आतल्या दट्ट्याची फट इतकी बारीक असते की केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा भाग. तेथे मातीचा कण गेला की ओरखडा पडलाच समजा.

अर्धवट तुंबलेला फिल्टर गावच्या रस्त्यावर कळत नाही, ही त्यातली खरी गोम. चाळीसच्या वेगाला लागते तेवढे डिझेल तो पुरवतो. पण आता आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतली माणसे जुन्या गाड्या घेऊन त्यावर चढतात आणि एकदम नव्वद-शंभरचा वेग धरतात. इंजिन जास्त डिझेल मागते, फिल्टर देऊ शकत नाही, आणि गाडी भर वेगात दम टाकते. मागून ट्रक येत असताना गाडीचा दम तुटणे म्हणजे काय, ते ज्याने भोगले त्याला विचारा. लांबच्या प्रवासाआधी नवा फिल्टर टाकणे फार स्वस्तात पडते.

गाडीने एअर घेतली

दुसरा नेहमीचा आजार हवेचा. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे या भागातली रबरी नळी चिरली तर डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. खाली डाग नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि गाडी मात्र सकाळी सुरू व्हायला दहा सेल्फ घेते. रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरलेले असते. हातपंप मारला की लगेच सुरू होत असेल तर हाच दोष समजावा. नळ्या वाकवून पाहा, चिरा दिसतील. क्लॅम्प आवळा, जोडांवरचे तांब्याचे वायसर बदला. जुनेच वायसर पुन्हा आवळण्यात मोठी बचत नाही.

एक युक्ती सांगतो. स्वच्छ डिझेलचा लहान कॅन इंजिनापेक्षा उंच बांधून त्याची नळी थेट फीड पंपाला जोडावी. गाडी अशी व्यवस्थित चालली तर दोष टाकीत किंवा मागच्या नळीत आहे, पंप निर्दोष. तरीही रडतच असेल, तर मग पुढे शोधावे. कॅन गरम नळकांड्यापासून आणि पंख्यापासून दूर असावा, आणि त्या वेळी जवळपास बिडी नको.

हवा काढायची रीत अशी. फीड पंपावरचा हातपंप मारत राहावे आणि फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करावा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. त्यानंतर मुख्य पंपावरचा स्क्रू तसाच. एवढ्याने बहुतेक गाड्या सुरू होतात. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, नाहीतर डिझेलचे दुखणे राहील बाजूला आणि बॅटरी बसेल.

नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांना मात्र इंजिन चालू असताना हात लावू नये. त्यातली बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण डिझेल आत पसरून बोट, हातही गमवावा लागतो. अशी धार लागली तर दुखो न दुखो, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे. अलीकडच्या कॉमन रेल इंजिनात हा दाब आणखी कितीतरी पट असतो. त्या गाड्यांचे फिल्टरचे पाणी काढणे आपले काम, त्यापुढचे सारे जाणत्या मिस्त्र्याचे आणि त्याच्या मशीनचे.

आता पंप आणि नोझल. टाकी स्वच्छ, फिल्टर नवा, हवा नाही, तरी गाडी मिस करते, काळा धूर टाकते, अ‍ॅव्हरेज घसरले, तर आधी एअर फिल्टर पाहा. तो तुंबला तरी काळा धूर येतो. मग नोझल टेस्टरवर लावून घ्या. चांगला नोझल धुके सोडतो, बिघडलेला पिचकारी मारतो किंवा लाळ गाळतो. स्वतः उभे राहून पाहा, जाणता मिस्त्री दाखवायला नाही म्हणत नाही. निळसर धूर असेल तर ते इंजिन ऑइल जळते आहे, त्याचा डिझेलच्या वाटेशी संबंध नाही. सेल्फ मारूनही अजिबातच दाद नसेल, तर ज्या पंपांवर बंद करण्याचा विजेचा स्विच बसवलेला असतो, तेथे किल्ली फिरवल्यावर 'टक्' आवाज येतो का ते ऐका. आवाज नसेल तर एक तुटलेली तार एवढाच दोष असू शकतो.

ऑइलची काडी काढून पाहण्याची सवय ठेवा. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले आणि डिझेलचा वास आला, तर फीड पंप किंवा मुख्य पंपाच्या सीलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये, पातळ ऑइलवर इंजिनाचे बेअरिंग जाते.

गावोगाव एक बोलणे ऐकू येते की नवे डिझेल जुन्या पंपाला सोसत नाही, त्यात ऑइल मिसळावे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी. एस. ६ चे डिझेल मिळते, त्यात गंधक फार कमी केले आहे, हे खरे. गंधक काढताना डिझेलचा वंगणाचा गुण कमी होतो, हेही खरे. पण त्याची भरपाई करणारे द्रव्य त्यात आधीच घातलेले असते. नीट पंपावरून घेतलेल्या डिझेलात काही मिसळू नये. पंप मारतो तो रॉकेलची भेसळ, कारण दट्टे आणि नोझल यांना डिझेलाचेच वंगण असते आणि रॉकेलात ते नाही. स्वस्त म्हणून कोणाकडूनही आलेले डिझेल म्हणूनच महाग पडते. पेट्रोलपंपावर घनता तपासून मागण्याचा आणि पाच लिटरच्या मापाने मोजून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे, तो बजावताना संकोच नसावा.

गाडी घ्यायला जाल तेव्हा मालकाला आदल्या दिवशी सांगा की, भाऊ, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. सकाळी पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर चहा घेऊन संध्याकाळपर्यंत थांबा. थंड असेल तर टाकीचे झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत पाहा, गंजाची पापडी दिसते का. फिल्टरखालचा स्क्रू सोडून ग्लासात डिझेल घ्या. पंपाचे सील आणि नट पाहा, त्यावर पान्याच्या ताज्या खुणा असतील तर पंप कधी आणि का खोलला ते विचारा. मग एक सेल्फ मारायला सांगा. आपण तोवर सायलेन्सरमागे उभे राहून धूर पाहा. नंतर गाडी निदान वीस किलोमीटर चालवा, त्यात एखादा चढ असू द्या. पाच किलोमीटरच्या चकरेत झाकणाचे छिद्र काही बोलत नाही.