घरांतील विष आणि गांवची विहीर

पावसाळा तोंडावर आला म्हणजे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरींत टी. सी. एल. पूड टाकून जातो, आणि पाणी शुद्ध झालें असें मानून आपण निश्चिंत होतों. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्याकडे शेतकरी बंधूंचें लक्ष वेधावें एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

पुडीचा गुण प्रथम मान्य केला पाहिजे. हजार लिटर पाण्यास सुमारें ५ ग्रॅम चांगली पूड घालून अर्धा तास थांबलें असतां तिच्यांतील क्लोरीन पटकी, हगवण, विषमज्वर ह्यांचे जंतु मारतो. शुद्ध केलेल्या पाण्यांत लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असें २०१२ च्या भारतीय मानकांत सांगितलें आहे. परंतु शिसें, पारा, नायट्रेट ह्यांवर पुडीची मात्रा चालत नाहीं, आणि कीटकनाशकांच्या बाबतींतही तिच्यावर विसंबतां येत नाहीं. पाणी उकळल्यानेंही नायट्रेट जात नाहीं. उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें.

हें विष कोठून येतें असें विचारलें तर पुष्कळांस कारखाने आठवतील. पण पुष्कळसें आपल्याच घरांतून जातें. २०१६ च्या केंद्रीय घनकचरा नियमांत कीटकनाशकांचे व रंगाचे डबे, निकामी ट्यूबलाइटी, वापरलेल्या बॅटऱ्या, मुदत संपलेलीं औषधें, फुटलेले पाऱ्याचे तापमापक व वापरलेल्या सुया ह्यांची गणना घरगुती घातक कचऱ्यांत केली होती. ते नियम मुख्यतः शहरांसाठीं होते; तथापि कीटकनाशकांचे डबे शहरापेक्षां आपल्याच घरीं अधिक, हें कोण नाकारील?

आमच्याच मळ्यावरील गोष्ट सांगतों. कापसाच्या हंगामांत आमच्या गड्यानें फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यांत प्यावयाचें पाणी भरून ठेवलेलें आम्ही पाहिलें. विचारतां तो म्हणाला, "तीन वेळां धुतलाय मालक, वाससुद्धां येत नाहीं." त्यास रागें भरण्याचा आम्हांस अधिकार नव्हता, कारण पुढें उपयोगी पडेल म्हणून तो डबा गोठ्याच्या वळचणीस टांगून ठेवणारे आम्हीच होतों. शिवाय त्यानें तो डबा विहिरीच्या ओट्यावर धुतला होता, आणि ओट्याचा उतार विहिरीकडेच होता.

आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत बरेंचसें पाणी भेगांतून वाहतें. कोणती भेग कोठें निघते तें वरून दिसत नाहीं. सबब विहिरीजवळ किंवा ओढ्याकांठीं पंप धुणें, उरलेलें औषध ओतणें अथवा डबे पुरणें हें गांवच्या पाण्याशीं वैर करणें होय.

डब्यांविषयीं कायदा जुनाच आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतील ४४ व्या नियमानें असे डबे पुन्हां वापरले जाऊं नयेत म्हणून उघड्यावर न टाकतां, फोडून, वस्तीपासून दूर पुरावे असें सांगितलें. आमची सूचना अशी कीं, डबा रिकामा होतांच शेतांतच तीन वेळां विसळावा, तें पाणी पंपांत घालून पिकावरच फवारावें, आणि डब्याच्या बुडास भोंक पाडावें. डबे जाळूं नयेत. धूरही विषारीच असतो. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्यास परत द्याव्या.

एकट्यानें न होणारें काम ग्रामसभेंत मांडावें. जिल्हा परिषदेच्या पाहणीनंतर आपल्या पंचायतीस हिरवें कार्ड मिळालें कीं पिवळें कीं लाल, हें विचारावें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक उद्भवाची रासायनिक तपासणी वर्षांतून एकदां व जंतूंची दोनदां व्हावी, आणि गांवांतील पांच जणींस तपासणी शिकवावी, असें ठरलें. तो अहवाल वाचून दाखवावयास सांगावें. नायट्रेट लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक असल्यास तें पाणी पिण्यास योग्य नव्हे. गांवांतल्या तपासणीपेटीनें नायट्रेट, फ्लोराइड, शिल्लक क्लोरीन कळतात, पण कीटकनाशक कळत नाहीं. त्यास प्रयोगशाळाच लागते. म्हणून फवारणीच्या मुलुखांतील पंचायतींनीं तशी तपासणी मागून घ्यावी. घातक कचरा ठेवण्यास कुलपाची एक लहानशी खोली विहिरीपासून दूर असावी, असा ठरावही करतां येईल.

आमच्या वळचणीचे डबे आम्ही उतरविले. मोजले तेव्हां ते अकरा भरले. ओट्याचा उतारही बदलून घेतला. हा अंक वाचून खालीं ठेवल्यावर बंधूंनीं आपापल्या गोठ्यांत एकवार जाऊन वर पाहावें, इतकीच विनंति आहे.