फुटबॉलचा कारभार : चाहत्यांचे समज आणि वस्तुस्थिती

अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर हा खारपाण पट्ट्यातला, कपाशी-तुरीचा तालुका असून फुटबॉलची जुनी, मुरलेली परंपरा पाहायची तर तेथून नागपूर-कामठीकडे जावे लागते. तरीही २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला, त्या निमित्ताने राज्य शासनाने शाळाशाळांना फुटबॉल वाटले, आणि दूरचित्रवाणी व मोबाइल यांच्यामुळे आंतरराष्ट्रीय सामने वऱ्हाडातील तरुणांच्या रोजच्या बोलण्यात आले. या बोलण्यात खेळाइतकाच खेळाचा कारभारही असतो. सामने आधीच ठरलेले असतात, फिफाने विश्वचषक विकला, भारतावर भ्रष्टाचारामुळे बंदी आली, ही विधाने त्यात वारंवार येतात आणि त्यांच्यामागचा संताप खोटा नाही. परंतु सामन्याच्या निकालात फेरफार, यजमानपदाच्या मतांची खरेदी, प्रक्षेपण हक्कांच्या करारातील लाच आणि मुदत संपूनही पद न सोडणे हे चार वेगळे दोष ‘भ्रष्टाचार’ या एकाच शब्दात कोंबले गेले, की दोषी कोण आणि जाब कोणाला विचारायचा हेच कळेनासे होते.

फिफा, म्हणजे फुटबॉल संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, ही संयुक्त राष्ट्रांसारखी सरकारांनी मिळून स्थापलेली संस्था आहे असे अनेकांना वाटते. वस्तुतः १९०४ मध्ये पॅरिस येथे सात युरोपीय देशांतील फुटबॉल प्रतिनिधींनी ती स्थापन केली, तिचे मुख्यालय झुरिकला आहे आणि स्विस दिवाणी कायद्याखाली ती एक खाजगी संघ म्हणून चालते. तिचे सभासद म्हणजे सरकारे नव्हेत, तर ठिकठिकाणच्या फुटबॉल संघटना आहेत. त्यांची संख्या २११ असून महासभेत प्रत्येकीला एकच मत असते. त्यामुळे सुमारे १४० कोटी लोकसंख्येच्या भारताच्या मताला जेवढे वजन, तेवढेच जेमतेम पाच हजार वस्तीच्या मॉन्टसेरात या बेटाच्या मताला. वऱ्हाडातील वाचकाला ही रचना परकी वाटू नये. गावची सेवा सहकारी सोसायटी ठराव करून प्रतिनिधी पाठवते, ते प्रतिनिधी जिल्हा बँकेचे संचालक निवडतात आणि बँकेचे कर्ज पुन्हा त्याच सोसायटीच्या वाटेने गावात येते. फिफातही निधी वरून खाली येतो आणि मते खालून वर जातात. २०२३ ते २०२६ या कालखंडात ‘फिफा फॉरवर्ड’ या विकासनिधीतून प्रत्येक सभासद संघटनेला ८० लाख डॉलरपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. लहान देशांना मत आहे म्हणून फिफा बिघडली, हे चर्चेत हमखास ऐकू येणारे मत मात्र अन्यायाचे आहे, कारण गरीब बेटालाही मैदान आणि प्रशिक्षक हवेच असतात. खोट आहे ती निधी वाटणाऱ्यानेच मते मागण्यात, आणि तो निधी घेणाऱ्या संघटनेने आपल्या खेळाडूंना हिशेब न देण्यात.

कारभाराची जबाबदारी खेळाडूंवर ढकलली जाण्याचे सर्वांत जुने भारतीय उदाहरण १९५० च्या ब्राझील विश्वचषकाचे आहे. भारतीयांना अनवाणी खेळायचे होते, फिफाने ते नाकारले, म्हणून संघ गेला नाही, अशी कथा आजही सांगितली जाते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तालिमेरेन आओ यांच्या नेतृत्वाखालील संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे हरले, हे खरे आहे आणि कथेला बळ मिळाले ते याच आठवणीतून. परंतु १९५० मध्ये पात्रता गटातील इतर आशियाई संघांनी माघार घेतल्याने भारताला न खेळताच प्रवेश मिळाला होता आणि यजमानांनी प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलण्याची तयारीही दाखवली होती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने माघारीसाठी संघनिवडीवरील मतभेद आणि सरावासाठी अपुरा वेळ ही कारणे दिली. ऑलिंपिकच्या तुलनेत विश्वचषकाचे मोल त्या काळच्या पदाधिकाऱ्यांना फारसे वाटत नव्हते, हेही त्यामागे होते. त्या पिढीतील नामवंत खेळाडू शैलेन मन्ना यांनी अनवाणीपणाची कथा पुढे स्वतःच नाकारली. बैठकीत घेतलेल्या एका निर्णयाचे खापर सात दशके खेळाडूंच्या पायांवर फोडले गेले, आणि ते आता तरी थांबायला हवे.

ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले, त्या घटनेभोवतीही असेच धुके आहे. ही बंदी लाचलुचपतीची शिक्षा होती असा समज सर्रास आढळतो; फिफाने दिलेले कारण मात्र ‘तृतीय पक्षाचा अवाजवी हस्तक्षेप’ असे होते. या संज्ञेचा अर्थ असा की सभासद संघटनेचा कारभार तिच्या निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांनीच चालवावा, सरकार, न्यायालय किंवा अन्य कोणी तो हाती घेऊ नये. हा हस्तक्षेप का झाला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. विदर्भातील गोंदियाचे राजकीय नेते प्रफुल्ल पटेल यांच्याकडे २००८ मध्ये महासंघाची धुरा हंगामी स्वरूपात आली आणि २००९ मध्ये ते अध्यक्ष म्हणून निवडून आले. राष्ट्रीय क्रीडा संहिता, म्हणजे क्रीडा संघटनांना मान्यता देताना केंद्र सरकार तेव्हा ज्या अटी घालत असे त्यांचा संच, अध्यक्षाला कमाल १२ वर्षांची मुदत देत होती. २०१६ ची निवडणूक या संहितेनुसार झाली नाही म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती देऊन महासंघाची नवी घटना तयार करण्याचे काम माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांच्याकडे सोपवले. डिसेंबर २०२० मध्ये पटेल यांच्या कार्यकारिणीची मुदत संपली, तरी घटनेचा प्रश्न न्यायप्रविष्ट असल्याचे कारण देत निवडणूक झालीच नाही. अखेर १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुनी कार्यकारिणी दूर करून निवृत्त न्यायमूर्ती अनिल दवे, कुरेशी आणि गांगुली यांची प्रशासक समिती नेमली.

न्यायालयाने मतदारयादीत राज्य संघटनांच्या बरोबरीने ३६ माजी खेळाडूंनाही स्थान देण्याचे ठरवले, तेव्हा फिफाने आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच निलंबन आले. २२ ऑगस्टला न्यायालयाने समिती बरखास्त केली, त्याच आठवड्यात निलंबन उठले आणि २ सप्टेंबरच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांनी भारताचे माजी कर्णधार भाईचुंग भुतिया यांचा ३३ विरुद्ध १ अशा मतांनी पराभव केला. निलंबन दोन आठवडेही टिकले नाही, म्हणून कोणाचे काही बिघडले नाही, असे मानणाऱ्यांनी गोकुलम केरळच्या महिला संघाकडे पाहावे. आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या या खेळाडूंना एकही सामना न खेळता परतावे लागले. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारताच्या हातून जाता जाता वाचला, आणि त्याचा अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत स्पेन व कोलंबिया यांच्यात होऊ शकला.

येथे दोन्ही टोकांच्या समजांपासून सावध राहणे आवश्यक आहे. प्रशासक समितीने पटेल यांच्याविरुद्ध अवमान याचिका दाखल केली होती, परंतु या प्रकरणाचा गाभा मुदत उलटलेल्या सत्तेचा होता, लाचेचा नव्हता. त्यामुळे निवाड्यात नसलेला लाचखोरीचा आरोप कोणाच्याही माथी मारणे गैर ठरते. दुसरीकडे, न्यायालयाने उगाच नाक खुपसले म्हणून बंदी आली, हे विधानही अपुरे आहे, कारण निवडणूक वेळेवर झाली असती तर न्यायालयाला पाऊल उचलण्याचे प्रयोजनच उरले नसते. फिफाचा हा नियम मंत्र्यांच्या मर्जीपासून खेळाचे रक्षण करतो, हे खरेच आहे, आणि कुवेत, पाकिस्तान यांसारख्या देशांच्या संघटनांनाही निलंबनाचा अनुभव आहे. मात्र तोच नियम मुदत संपलेल्या पदाधिकाऱ्याची ढालही बनू शकतो, आणि शिक्षा भोगतात ते मैदानावर उतरणारे, ज्यांना त्या निवडणुकीत मतही नसते.

जागतिक पातळीवरील प्रकरणांत सर्वाधिक गल्लत होते ती २०१५ च्या अटकसत्राची. २७ मे २०१५ रोजी झुरिकमधील एका आलिशान हॉटेलातून स्विस पोलिसांनी फिफाच्या सात पदाधिकाऱ्यांना अमेरिकेच्या विनंतीवरून ताब्यात घेतले. ही कारवाई कतारच्या विश्वचषकासाठी झाली असे बहुतेकांना वाटते, पण अमेरिकेच्या त्या आरोपपत्राचा मुख्य भर उत्तर व दक्षिण अमेरिकेतील स्पर्धांच्या प्रक्षेपण आणि विपणन हक्कांवर होता. सामने दाखवण्याचे व त्यांवर जाहिराती मिळवण्याचे हे हक्क विशिष्ट कंपन्यांना मिळावेत म्हणून दोन दशकांहून अधिक काळ १५ कोटी डॉलरहून जास्त लाच दिली-घेतली गेल्याचा तो आरोप होता. कतारचा प्रश्न वेगळा आहे. २ डिसेंबर २०१० रोजी कार्यकारी समितीच्या अवघ्या २२ जणांनी २०२२ चे यजमानपद ठरवले आणि शेवटच्या फेरीत कतारला १४, अमेरिकेला ८ मते पडली. मतविक्रीच्या संशयावरून दोन सदस्य मतदानापूर्वीच निलंबित झाले होते. फिफाच्या नीतिसमितीचे तपासप्रमुख मायकेल गार्सिया यांनी केलेल्या चौकशीत गैरवर्तनाच्या अनेक नोंदी निघाल्या, फिफाने त्यांचा जो सारांश प्रसिद्ध केला तो अमान्य करून गार्सिया २०१४ च्या अखेरीस पदावरून दूर झाले, आणि २०२० मध्ये अमेरिकी अभियोक्त्यांनी काही दक्षिण अमेरिकी सदस्यांनी कतारसाठी पैसे घेतल्याचा आरोप नोंदवला. कतारने आरोप सातत्याने फेटाळले आहेत. यजमानपद २२ जणांऐवजी सर्व सभासदांनी ठरवावे ही सुधारणा या प्रकरणातून झाली आणि २०१८ मध्ये तसे मतदान झालेही. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियाला देताना दुसरा दावेदारच नव्हता आणि निर्णय टाळ्यांच्या गजरात झाला. मतदारसंख्या दहापट होऊनही निवडीला वाव उरला नाही, याची चिंता वाटायला हवी.

फिफाचे माजी अध्यक्ष सेप ब्लाटर आणि युरोपीय फुटबॉल महासंघाचे माजी अध्यक्ष मिशेल प्लाटिनी स्विस न्यायालयात निर्दोष ठरले, म्हणजे सगळे कुभांड होते, हा आणखी एक घाईचा निष्कर्ष आहे. फौजदारी न्यायालय गुन्हा निःसंशय सिद्ध झाला का हे पाहते, तर फिफाची नीतिसमिती पदाला साजेसे वर्तन झाले का हे पाहते. फिफाने प्लाटिनी यांना दिलेल्या २० लाख स्विस फ्रँकच्या एकाच व्यवहारावरून दोघांना नीतिसमितीने खेळाच्या कारभारातून दूर केले आणि फौजदारी न्यायालयाने सोडले, यात विसंगती नाही.

राहिला सामन्यांच्या निकालांचा प्रश्न. विश्वचषकाचा विजेता फिफा ठरवते याला कोणताही पुरावा नाही. निकालांची खरेदी होते ती बहुधा सट्टेबाजांच्या टोळ्यांकडून, आणि तीही जिथे प्रेक्षक व कॅमेरे कमी असतात अशा मैत्रीपूर्ण व दुय्यम सामन्यांत. फेब्रुवारी २०११ मध्ये तुर्कस्तानातील अंताल्या येथे लाटविया-बोलिव्हिया आणि एस्टोनिया-बल्गेरिया या सामन्यांत झालेले सातही गोल पेनल्टीवरचे होते आणि संबंधित पंचांवर पुढे कारवाई झाली. २०१० च्या विश्वचषकापूर्वी दक्षिण आफ्रिकेच्या सराव सामन्यांत काम केलेले नायजरचे पंच इब्राहिम चाइबू यांच्यावर फिफाने २०१९ मध्ये आजन्म बंदी घातली. म्हणून अंतिम सामन्यातील एखाद्या पेनल्टीवर रात्र-रात्र वाद घालणाऱ्या चाहत्याने तेवढेच लक्ष कोणी न पाहिलेल्या सामन्यांकडे दिले, तर ते अधिक उपयोगी ठरेल.

भारतात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांनी तयार केलेली महासंघाची घटना मान्य केली आणि ऑक्टोबरमध्ये महासंघाने ती स्वीकारली. कार्यकारिणीत माजी खेळाडूंना, त्यांतही महिलांना, जागा मिळण्याची वाट तिने मोकळी केली. त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. पण महासंघाच्या मतदारयादीत महाराष्ट्राचे मत असते ते वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचे, आणि क्रिकेटप्रमाणे विदर्भाची वेगळी संघटना फुटबॉलला नसल्याने दर्यापूरच्या क्लबाचा आवाज अमरावतीच्या जिल्हा संघटनेमार्फतच मुंबईपर्यंत जाऊ शकतो. महाराष्ट्रातील अशा संघटना सामान्यतः संस्था नोंदणी कायदा, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० यांखाली नोंदलेल्या असतात. निवडणूक होऊन पदाधिकारी बदलले की त्यांना धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो आणि दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब सादर करावे लागतात. अमरावतीच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात अर्ज करून एखाद्या क्लबाचा सभासद, शाळेचा क्रीडाशिक्षक किंवा खेळाडूचे पालक ही कागदपत्रे पाहू शकतात आणि मागची निवडणूक कधी झाली, मतदार कोण होते व मुलींच्या संघावर किती खर्च झाला, हे त्यांतून ताडून घेऊ शकतात.