नावाशी बांधलेला आकडा

सांगली - पावसाळ्यात कोयना धरणातून किती पाणी सोडले, हा प्रश्न सातारा जिल्ह्याइतकाच सांगलीतही काळजीने विचारला जातो. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहते. या पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा वेळी संकेतस्थळावरील धरणांचा तक्ता अचूक असणे गरजेचे असते. हा तक्ता संगणक कसा तयार करतो?

एक पद्धत दोन स्वतंत्र याद्यांची आहे. पहिलीत नावे : कोयना, धोम, कण्हेर, वारणा. दुसरीत साठवण क्षमतेचे आकडे : १०५.२५, १३.५०, १०.१०, ३४.४० टीएमसी. संगणक दोन्ही याद्यांतील पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा असे जोडत जातो. मात्र धोमचा आकडा आलाच नाही, तर पुढचे सारे एक घर वर सरकतात. कण्हेरसमोर ३४.४० दिसेल, ती चूक जाणकाराच्या लगेच ध्यानात येईल. धोमसमोरचे १०.१० मात्र खरे वाटून जाईल. धोका इथेच आहे.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक आकडा नावाशीच बांधलेला असतो. नाव ही 'की', आकडा ही 'व्हॅल्यू'. पीएचपी या संगणकीय भाषेत २००० मध्ये चौथ्या आवृत्तीबरोबर आलेली 'फोरईच' ही आज्ञा अशा जोड्या एकेक करून हाती देते. किती धरणे आहेत, हे आधी मोजावे लागत नाही. यादीत नवे धरण आले तरी आज्ञा बदलत नाही. चार जोड्यांवरून फिरत बेरीज केली, की एकूण क्षमता १६३.२५ टीएमसी मिळते.

तरीही दोन पथ्ये पाळावी लागतात. एक, 'की' वेगळी हवी. धोम आणि धोम-बलकवडी ही दोन धरणे आहेत. दोघांनाही 'धोम' हेच नाव दिले, तर नंतरचा आकडा आधीचा पुसून टाकतो आणि संगणक तक्रारही करत नाही. दुसरे, न आलेल्या आकड्याच्या जागी शून्य लिहू नये. 'माहिती उपलब्ध नाही' असे लिहावे. शून्य बेरजेत मिसळून जाते आणि नदीकाठच्या वाचकाला पाणी कमी असल्याचे भासते.